स्टेपनीची जागा

वाचकहो, आपल्या घरच्या मोटारीची स्टेपनी या क्षणी कोठे आहे, असा प्रश्न मी केला तर आपणांस नवल वाटेल. रक्तदाबाची गोळी घेतली का, हे विचारणाऱ्या डॉक्टरने चाकाची चौकशी कशासाठी करावी? परंतु दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील एका दुपारनंतर, वृद्ध माणसाला घेऊन प्रवासास निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला मी हा प्रश्न विचारते. त्या दुपारी चूक माझीच होती, म्हणून ती सांगण्याचा अधिकारही माझाच आहे.

माझ्या सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यापासून चार पावलांपलीकडचे सारे चालणे चाकांच्या खुर्चीवर आले होते. आमची मोटार सीएनजीवर चालणारी. डिकीचा निम्म्याहून अधिक भाग गॅसच्या टाकीने व्यापलेला आणि उरलेल्या फटीत स्टेपनी उभी. खुर्ची घडी करूनही तेथे मावेना. मग एके दिवशी मीच स्टेपनी उचलून जिन्याखाली ठेवली. ‘‘शहरातल्या शहरात तर फिरायचे आहे,’’ असे मी घरच्यांना सांगितले. गाडीत टायर दुरुस्तीचा संच होता, हवा भरण्याचा छोटा पंप होता. सात महिने काही अडले नाही. अडले नाही म्हणून ती जिन्याखालीच राहिली, आणि तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चढला.

अमरावतीला सासूबाईंच्या धाकट्या भावाची पंचाहत्तरी होती. जाण्याचा त्यांचा हट्ट मोडवेना. यजमान परगावी होते. मी, आई आणि माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या असे आम्ही तिघे नागपूरहून निघालो. कोंढाळी मागे पडून थोडा वेळ झाला असेल, रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका धारदार दगडावरून डावे मागचे चाक गेले. टायरची बाजूची भिंत चांगली बोटभर चिरली गेली. संचातील पांढरा द्रव आम्ही भरला. तो चिरेतून बाहेर येऊन रस्त्यावर सांडला. असा संच खिळ्याने पडलेल्या लहान छिद्रावर उपयोगी पडतो, बाजूची भिंत फाटली तर नाही. हे मला ठाऊक नव्हते.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. विदर्भातील मे महिन्याचे साडेअकरा म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. एका कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची मांडून आईंना बसवले आणि दिरांना फोन करून स्टेपनी आणायला सांगितले. नागपूर सुमारे पन्नास किलोमीटर मागे राहिले होते.

अर्ध्या तासाने आईंनी मला ‘‘माई, पाणी तापलं का गं?’’ असे विचारले. माई म्हणजे त्यांची थोरली बहीण; तिला जाऊन वीस वर्षे झाली आहेत. मी नाडी पाहिली. ती जलद आणि क्षीण लागत होती. जीभ कोरडी होती. तेव्हा मला उलगडा झाला. वाटेत लघवीसाठी उतरावे लागू नये म्हणून आईंनी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि लघवी वाढवणारी रोजची गोळी मात्र मीच माझ्या हाताने त्यांना दिली होती. तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातील ही बेरीज करता आली नव्हती.

जवळ असलेले क्षारसंजीवनीचे पाणी मी चमच्याचमच्याने दिले, ओला पंचा मानेवर, काखेत ठेवला. १०८ क्रमांकाला फोन लावणार, तोच अकोल्याकडे निघालेले एक कुटुंब आम्हांला पाहून थांबले. त्यांनी आपला प्रवास अर्धवट सोडून आईंना आणि मला थंड गाडीत घेऊन कोंढाळीला पोचवले. तेथील एका तरुण डॉक्टरांनी सलाईन लावले. दोन तासांनी आईंनी मला माझ्या नावाने हाक मारली. तोपर्यंतचा प्रत्येक क्षण मी डॉक्टर म्हणून मोजला नाही. सून म्हणून मोजला.

तेवढ्यात दिरांचा फोन आला. ‘‘वहिनी, स्टेपनी आणली, पण हिच्यात हवाच नाही.’’ सात महिन्यांत ती नकळत बसत गेली होती. टायर दुरुस्त करू न शकलेल्या त्याच संचातील पंपाने अखेर तिच्यात हवा भरली गेली.

या घटनेनंतर स्टेपनीला जागा शोधणे हा आमच्या घरात गंभीर विषय झाला. मग कळले की हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसेच. वेल्समधील लॅनेली या गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आऱ्या नसलेली एक धाव तयार केली. हवा भरलेले टायर असलेली ती धाव पंक्चर झालेल्या चाकावरच आवळून बसवता येई. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता. त्यावरून तिला ‘स्टेपनी’ हे नाव पडले. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी राहिला.

आपल्यापैकी पुष्कळांना ती आठवते स्कूटरवरची. माझ्या वडिलांच्या स्कूटरला ती मागच्या सीटच्या पाठीशी उभी बसवलेली असे. पुढचे-मागचे चाक एकाच मापाचे, म्हणून एक स्टेपनी दोहोंना चाले. आई तिला टेकून बसे. डोळ्यांसमोर असल्यामुळे तिच्या हवेची आठवणही राही.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तो आणि त्याची पत्नी सुट्टीत मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर जोडून भटकतात. त्यालाही हाच पेच पडला होता. मागच्या पातळ बंपरवर चाक टांगावे, तर खड्ड्यांच्या हादऱ्याने जोड तुटण्याची भीती. शिवाय फार मागे वजन गेले की ते घर रस्त्यावर शेपटीसारखे डोलू लागते. पोटाखाली बसवावे, तर काढताना चिखलात आडवे व्हायचे. शेवटी त्याने ते पुढे, मोटारीला जोडणाऱ्या लोखंडी त्रिकोणावर, उभ्याने हात पोचेल असे पक्के बसवून घेतले.

आमच्या मेकॅनिककडे मी एक-एक पर्याय नेला. टपावर ठेवू का? तो म्हणाला, वजन उंच गेले की वळणावर गाडी कलते. आणि पंधरा किलोच्या आसपासचे चाक टपावरून उतरवणार कोण? मागच्या दरवाजावर? तसे दरवाजे आणि त्यांच्या बिजागऱ्या मुळातच त्यासाठी बनवाव्या लागतात. गाडीच्या पोटाखाली? काही नव्या मोटारींत कारखान्यातूनच तशी सोय येते, पण आपल्या गाडीत गॅसच्या टाकीजवळ छिद्रे पाडणे किंवा वेल्डिंग करणे हा जिवाशी खेळ आहे. मागच्या सीटवर मोकळी? अचानक ब्रेक लागला तर तेच चाक माणसाच्या अंगावर येईल. मग तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, स्टेपनी कुठे मावते ते पाहू नका. कुठून निघते ते पाहा.’’

हे वाक्य घेऊन मी घरी आले, आणि मला दिसले की आपण प्रश्नच उलटा मांडला होता. हलवता येणारी वस्तू स्टेपनी नव्हती, खुर्ची होती. आम्ही मोठ्या चाकांची जड खुर्ची घरी ठेवली आणि प्रवासासाठी लहान चाकांची, हलकी, पूर्ण घडी होणारी खुर्ची घेतली. ती पुढच्या सीटच्या पाठीमागे उभी राहते. तिलाही पट्टा बांधतो. स्टेपनी पुन्हा डिकीत टाकीशेजारी आली, पट्ट्याने आवळलेली. तिच्यासमोर हलक्या पिशव्यांखेरीज काही ठेवायचे नाही, आणि टाकीचा बंद करण्याचा व्हॉल्व्ह झाकला जाणार नाही, एवढा नियम.

आपणांपैकी काहींच्या नव्या गाडीत स्टेपनी नसेलही. २०२० साली नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर लहान वाहनांना जादा चाक बाळगण्याची सक्ती राहिली नाही. तो बदल आपापल्या ठिकाणी योग्य असेल. पण उन्हात तासभर तग धरू न शकणारे माणूस सोबत असेल, तर संचाने भागत नाही तेव्हा काय करायचे, याचे उत्तर घरातून निघण्यापूर्वी तयार हवे.

आता वैद्यकीय गोष्टी सांगते. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. म्हणून ‘‘तहान लागली का?’’ असे न विचारता ठरलेल्या वेळी पाणी द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती पाणी द्यावे आणि प्रवासाच्या दिवशी लघवी वाढवणारी गोळी केव्हा द्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. ती परस्पर बंद करू नये. वाटेत लघवीसाठी कोठे थांबणार, हे ज्येष्ठांना निघतानाच सांगावे. माझा अनुभव असा, की ते सांगितले की पाण्याला नकार येत नाही. उन्हात वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागले, तर ते वयाचे समजू नये. शरीराला थंडावा द्यावा आणि ताबडतोब १०८ ला बोलवावे. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडाने काही पाजू नये. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास १०३३ हा मदत क्रमांक आहे.

आणखी एक. हृदयविकाराचे रुग्ण, हर्नियाची किंवा मोतीबिंदूची नुकती शस्त्रक्रिया झालेले, कंबरदुखीने त्रस्त, अशांनी चाकाचे नट सोडवण्याच्या फंदात पडू नये. श्वास रोखून पान्यावर जोर दिला की रक्तदाब एकाएकी चढतो. साठीच्या पुढचे गृहस्थ हे काम अभिमानापोटी स्वतःकडे घेतात. कृपया त्यांना अडवा.

स्टेपनीची हवा दर महिन्यास तपासावी. न वापरलेले टायरही म्हातारे होते. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या घरी महिन्याच्या एक तारखेस आईंच्या गोळ्यांचा डबा भरला जातो. त्याच दिवशी मी पंपावर जाऊन पाचही चाकांची हवा पाहून येते.

त्या दिवशी कोंढाळीत सलाईनच्या बाटलीकडे पाहत बसले असताना एक विचार मनात आला, तो अजून जात नाही. आईंच्या गोळ्या कोणत्या, किती वाजता, त्यांना आंघोळ कशी घालायची, रात्री कोणत्या कुशीवर झोपवायचे, हे घरात फक्त मला ठाऊक होते. मला काही झाले असते तर? शुश्रूषेच्या घरात आजच्या गरजेला जागा देण्यासाठी आपण जे पहिल्यांदा बाहेर काढतो, ते असेच असते, आज न लागणारे. घरातील दुसऱ्या माणसाला काम शिकवायला वेळ नाही म्हणून आपणच करत राहतो, आणि तो दुसरा माणूस जिन्याखाली राहतो. हाक मारली तर येतो, पण हवेशिवाय.

आता दर रविवारी आईंचे सारे दिर करतात. पहिले दोन रविवार ते गोळ्यांच्या डब्यापुढे भांबावून उभे राहिले आणि आई त्यांच्यावर रागावल्या. तिसऱ्या रविवारी दोघांचे जमले. मी त्या दिवशी दुपारी झोपते.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गाडीत बसल्या की पट्टा लावून घेतात, पाण्याची बाटली मांडीवर घेतात आणि पुतण्याला विचारतात, ‘‘स्टेपनी घेतली ना रे?’’ तो हसत डिकी उघडून दाखवतो. ती दिसल्याशिवाय आई गाडी सुरू करू देत नाहीत.