सत्ताविसाव्या मजल्यावरची रात्र

शिरोड्यातल्या आमच्या घराला माडीसुद्धा नाही. त्यामुळे मे महिन्यात भाच्याच्या लग्नानिमित्त मुंबईला गेलो आणि लोअर परळच्या उंच हॉटेलात सत्ताविसाव्या मजल्यावर खोली मिळाली, तेव्हा हरखूनच गेलो. कार्ड टेकवलं की दार उघडतं, लिफ्टमध्ये कान बंद होतात!

रात्री खिडकीशी उभा राहिलो. खाली मॉलचे दिवे. ही जागा पूर्वी फिनिक्स मिलची. माझे बाबा परळच्याच एका मिलमध्ये कामाला होते. गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बाबांची मिल पुन्हा उघडलीच नाही. ते गावी परतले.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "थंय आमका कूस बदलूक जागा नाय होती. तू आता पाय पसरून नीज."

त्या मऊ गादीवर मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

शाळा सुरू झाली की मुलांना 'मुंबई' हा निबंध देणार आहे. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची मुंबई विचारून या, असं सांगणार आहे.