पॅडलवरचा पाय

वडिलांची प्रीमियर पद्मिनी भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीखाली कित्येक पावसाळे उभी होती. इथली हवा खाडीची, मिठागरांची; लोखंडाला ती सुखानं जगू देत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि चारही गंजून धरलेले. बहुतेकांनी गाडी भंगारात द्यायला सांगितलं. मामांनी ड्रमवर लाकडी हातोडीनं टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "जीव आहे अजून. तू खोल, मी बसतो."

मामा नात्यातले नव्हेत. उभा जन्म त्यांनी मुंबईच्या टॅक्सींखाली काढलेला. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी त्यांना नटबोल्टासकट पाठ होती. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा ते नव्हते.

पाना त्यांनी एकदाही हातात घेतला नाही; फक्त सांगत राहिले. एका वेळी एकच बाजू खोलायची. कुठली स्प्रिंग कुठे अडकते, ते दुसऱ्या बाजूच्या चाकावर बघता येतं. आतली काळी भुकटी फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्यानं टिपायची. व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरांना पेट्रोल किंवा ग्रीस लागलं की ते फुगतात, म्हणून ब्रेक ऑइलनंच धुवायचे. शूंना नवं लायनर लावून घेतलं, ड्रम लेथवर फिरवून आणले.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ आली. हे एकट्याचं काम नव्हे: एकानं पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल उघडायचं. मामा गुडघे सावरत गाडीत जाऊन बसले. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून. "दाबलं," ते म्हणत. मी निपल सैल करी, बाटलीत बुडबुडे येत, निपल घट्ट केल्यावर मी "सोडा" म्हणे. घाईनं आधी पाय उचलला तर हवा परत आत जाते. त्यांचा पाय एकदाही आधी उचलला गेला नाही.

गॅरेजात हे काम नव्या पोऱ्याचं. मामांची सुरुवातही तिथूनच झाली होती, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. इतकी वर्षं वस्ताद म्हणून वावरलेला माणूस माझ्या हाताखाली पोऱ्या होऊन बसला, तो कसब माझ्या हातात उतरावं म्हणून. मला शिकवणारे बरेच भेटले. माझ्यासाठी एवढं खाली उतरून बसलेलं दुसरं कोणी आठवत नाही.

मजुरी त्यांनी घेतली नाही. "पॅडलवाल्याला चहाच असतो," म्हणाले, आणि चहा मात्र दोनदा मागून घेतला.