गव्हाच्या पोत्यातून आलेले गवत?

गाजरगवताला गावोगाव ‘काँग्रेस गवत’ म्हणतात. त्यामागची कथा बहुतेकांनी ऐकलेली असेल: ‘पीएल-४८०’ करारान्वये अमेरिकेचा गहू आला, त्यात या तणाचे बी मिसळलेले होते, आणि सत्ता काँग्रेसची म्हणून नावही तेच पडले. (पांढऱ्या फुलांत गांधीटोपी पाहणारेही आहेत.) माझ्या आजोबांनीही मला हीच कथा सांगितली. बांधावरचे हे तण उपटता उपटता त्यांच्या हातांना जडलेली खाज अखेरपर्यंत गेली नाही. त्यामुळे या गवताचा इतिहास मला परका वाटत नाही.

परंतु तारखा तपासू लागलो की कथा डळमळते. पीएल-४८० खालचा भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. पुण्यात उकिरड्यांवर हे झाड आढळले १९५५ मध्ये. आर. एस. राव यांनी पुढच्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून ते प्रसिद्ध केले. म्हणजे त्या करारातला गहू बंदरात उतरण्यापूर्वीच बी रुजले होते.

मग अमेरिकी गहू निर्दोष? इतक्यात निकाल देऊ नये. १९५१ च्या टंचाईतही अमेरिकेने कर्जाऊ धान्य पाठवले होते. त्याच्यावरचा संशय तारखांनी फिटत नाही.

त्याहून चकित करते ती कलकत्त्याची नोंद. विल्यम रॉक्सबर्गने १८१४ मध्ये कंपनीच्या वनस्पती उद्यानाची जी यादी छापली, तीत या अमेरिकेकडच्या झाडाचे नाव आहे! अर्थात बागेच्या यादीत असणे वेगळे आणि रानोमाळ माजणे वेगळे.

माजण्याची कारणे मात्र कोणत्याही करारात सापडणार नाहीत. एका झाडाला हजारो बिया, त्याही अगदी हलक्या. वारा, पाणी, चारा, वाहनांची चाके यांपैकी काहीही त्यांना पुरते. गुरे सहसा तोंड लावत नाहीत. झाडातून जमिनीत उतरणारी द्रव्ये शेजारची रोपे खुरटवतात. आणि मायदेशातले त्याचे शत्रू त्याच्यासोबत आलेच नव्हते.

ते शेवटी मुद्दाम आणावे लागले. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पानांची अक्षरशः चाळण करतात. पाऊस सरला की मातीत दडून बसतात, आणि ओलीवर उगवलेले नवे गवत तेवढ्यात फुलोऱ्यावर येते.