ओमतीच्या गल्लीत प्राइम, भेडाघाटच्या नावेत झूम

घरात पहिला कॅमेरा येणार म्हटलं की उत्साहासोबत एक प्रश्नही येतो, लेन्स कोणती घ्यायची? दुकानदार सांगतो, ‘झूम घ्या, एकात सगळं भागतं.’ फोटोग्राफीची आवड असलेला मावसभाऊ म्हणतो, ‘छे, प्राइमच घे, मग बघ फोटो कसे येतात!’ दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं आणि तुम्ही मात्र गोंधळून जाता.

हा गोंधळ दुकानाच्या काउंटरवर सुटत नाही, तो रस्त्यावर सुटतो. म्हणून या वेळी कॅमेरा घेऊन जबलपूरला जाऊ या. मराठी घरांना हे शहर परकं नाही. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि आजही इथे पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. मुंबईहून इटारसीमार्गे थेट रेल्वेगाडी मिळते. इथे दोन-तीन दिवसांत दाट वस्तीचा बाजार, संगमरवरी कडे, धबधबा आणि दिव्यांची आरती असं सगळं पाहून होतं. मुक्काम करू या शहराच्या मध्यावर, ओमतीत.

आधी फरक समजून घ्या

झूम लेन्सची फोकल लेंथ बदलता येते. नव्या कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ एमएमची झूम लेन्स येते, तिला किट लेन्स म्हणतात. १८ वर ठेवली की समोरचं मोठं दृश्य मावतं, ५५ वर नेली की दूरचं जवळ येतं. प्राइम लेन्सला असं फिरवायचं काहीच नसतं. ती ३५ एमएमची असेल तर ३५, ५० ची असेल तर ५०. जवळचं हवं असेल तर पुढे चालत जा, मोठं दृश्य हवं असेल तर मागे सरका.

ऐकायला ही अडचण वाटते, पण प्राइमची ओळख तुम्हाला आधीपासून आहे. तुमच्या हातातल्या फोनचा मुख्य कॅमेरा प्राइमच असतो. स्क्रीनवर दोन बोटांनी चित्र मोठं करता तेव्हा फोन एकतर दुसऱ्या लेन्सवर जातो किंवा आहे तेच चित्र कापून मोठं करतो. आजोबांच्या काळातला आगफा क्लिक थ्री आठवतो? त्यालाही एकच लेन्स होती. ३५ एमएम फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी फॉइग्टलेंडर कंपनीची झूमार ही झूम लेन्स १९५९ मध्ये आली. त्याआधीचे घरातले बहुतेक फोटो पुढे-मागे सरकूनच काढलेले आहेत. हेन्री कार्तिए-ब्रेसाँसारख्या जगप्रसिद्ध छायाचित्रकारानं तर आयुष्यभर मुख्यतः ५० एमएमच वापरली.

सकाळ : ओमती आणि घंटाघर

ओमती हे या भागाचं नाव आणि शहरातून वाहणाऱ्या नाल्याचंही. घंटाघर, नौदरा ब्रिज, लोक अजूनही ‘विक्टोरिया’ म्हणतात ते सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय, हे सगळं याच परिसरात. जवळच टाउन हॉल आहे, आता तिथे गांधी भवन वाचनालय आहे. १९२३ च्या ध्वज सत्याग्रहात याच टाउन हॉलवर झेंडा फडकवला गेला होता. तिथून चालत फुहारा भागात गेलात की कमानिया गेट लागतं. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची ती आठवण. वाटेत खव्याची जिलबी जरूर खा. काळपट रंगाची ही जिलबी जबलपूरची खासियत आहे.

आता कॅमेरा काढा. घंटाघर उभंच्या उभं फोटोत हवं असेल तर १८ एमएम लागेल. ५० एमएमची प्राइम लावलीत तर मागे सरकता सरकता रस्त्याच्या मधोमध याल आणि रिक्षावाल्याची बोलणी खाल. टाउन हॉलची इमारत, कमानिया गेट, घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो, या सगळ्यासाठी झूमच बरी.

पण जिलबी तळणाऱ्या कारागिराचे हात, फुलांच्या हारांमागचा चेहरा, दुकानाच्या पायरीवर पेपर वाचणारे काका, इथे प्राइम उपयोगी पडते. ती लहान आणि हलकी असते, समोरचा माणूस दचकत नाही. शिवाय जवळ गेल्याशिवाय फोटोच निघत नाही, त्यामुळे आपसूक बोलणं होतं. ‘भैया, एक फोटो ले लूँ?’ एवढं विचारलं की बहुतेक जण हसून होकार देतात. कुणी नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या. रुग्णालयाच्या आवारात तर तो बॅगेतच असू द्या.

प्राइम घ्यायची तर ३५ की ५०, हेही इथेच कळतं. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असतो. त्यावर ५० एमएमची लेन्स ७५-८० एमएमसारखं दृश्य दाखवते. उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायला तुम्हाला साधारण चार मीटर, म्हणजे तेरा फूट मागे जावं लागतं. बाजारातल्या गल्लीत तेवढ्या अंतरात दोन स्कूटर आणि एक हातगाडी सहज मावते! ३५ एमएमनं हेच काम नऊ-दहा फुटांत होतं. म्हणून घर, गल्ली, मुलांचं खेळणं यासाठी ३५ आणि फक्त चेहऱ्यांसाठी ५० हे सूत्र लक्षात ठेवा.

दुपार : भेडाघाट

शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाट आहे. नर्मदा इथे संगमरवरी कड्यांमधून वाहते. ‘जिस देश में गंगा बहती है’ आणि ‘अशोका’ या चित्रपटांचं चित्रण इथे झालं होतं. पंचवटी घाटावरून नाव निघते आणि सुमारे शंभर फूट उंच पांढरे, करडे, गुलाबी कडे दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात. पावसाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा सहलीची तारीख त्याप्रमाणे ठरवा.

नावेत बसल्यावर पाय चालवून फोटो जवळ-दूर करता येत नाही. नाव नावाडी नेईल तिकडे जाते, उभं राहायला मनाई असते. एका क्षणी दोन्ही कडे मावायला १८ एमएम हवी असते, पुढच्या क्षणी खडकावरचा पक्षी टिपायला ५५ ही कमी पडते. धुआंधार धबधब्यापाशीही तेच. तुम्ही कठड्याच्या अलीकडे, पाणी पलीकडे. त्यातच हवेत तुषारांचं धुकं असतं. अशा ठिकाणी लेन्स काढून दुसरी लावणं म्हणजे कॅमेऱ्याच्या आत पाणी जायला दार उघडून देणं. म्हणून इथे सकाळीच झूम लावून या आणि परत जाईपर्यंत ती काढू नका. खिशात एक मऊ सुती रुमाल ठेवा, काच पुसायला लागेल.

परतताना चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढा. कलचुरी काळातलं हे दहाव्या शतकातलं मंदिर गोलाकार आहे. संपूर्ण वर्तुळ दाखवायला १८ एमएम हवी. पण भिंतीलगतच्या एकेका मूर्तीसमोर निवांत उभं राहता येतं, हवं तेवढं जवळ जाता येतं, तिथे प्राइमनं काढलेला फोटो जास्त देखणा येतो. एकाच जागी दोन्ही लेन्सचा फरक पाहायचा असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही.

दुसऱ्या दिवशी वेळ मिळाला तर मदनमहालजवळचा बॅलन्सिंग रॉकही पाहा. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरं पडली, पण एका दगडावर तोललेला हा दगड जागचा हलला नाही. आजूबाजूला चालायला जागा आहे, त्यामुळे इथे दोन्ही लेन्स चालतील.

संध्याकाळ : ग्वारीघाट

आता खरी परीक्षा. ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेची आरती होते. सूर्य मावळलेला, उजेड फक्त दिव्यांचा. पाण्यात दिवा सोडायला आजी वाकली आहे आणि त्या दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे.

किट लेन्स ५५ एमएमवर नेली की तिचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडतं. साध्या ५० एमएम प्राइमचं एफ/१.८ पर्यंत उघडतं. आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. हिशेब केला तर प्राइममधून नऊपटींहून जास्त उजेड आत येतो. म्हणजे झूमवर शटर १/१३ सेकंद उघडं ठेवावं लागत असेल, तर प्राइमवर १/१२५ सेकंदात काम होतं. १/१३ सेकंदात आजीचा हात हलतो आणि फोटो पुसट येतो. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, आजीचा हललेला हात नाही. आणि फ्लॅश मारलात तर दिव्याचा सोनेरी उजेडच नाहीसा होतो.

एक काळजी मात्र घ्या. एफ/१.८ वर फार थोडा भाग स्पष्ट येतो. फोकस डोळ्यांवर ठेवा. आजी आणि नात दोघी हव्या असतील तर दोघींना कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर बसवा किंवा अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/४ करा.

मग पैसे कशावर घालायचे?

पहिल्या कॅमेऱ्यासोबत किट झूम मिळत असेल तर ती घ्या आणि तिच्यावरच सुरुवात करा. त्यानंतर पैसे साठले की दुसरी मोठी झूम घेण्याआधी एक साधी प्राइम घ्या. किट झूमनं जे जमत नाही, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटमध्ये, लग्नाच्या मांडवात, आरतीच्या उजेडात हलणारी माणसं टिपणं, तेच प्राइमनं जमतं. एफ/१.८ ची ५० एमएम बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. पक्षी किंवा वाघ हीच तुमची आवड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लांब पल्ल्याची झूमच हवी.

खरेदीआधी या तीन गोष्टी करा :

• एक रविवार झूम लेन्स ३५ वर ठेवा आणि दिवसभर तिला हात लावू नका. पुढच्या रविवारी ५० वर. कोणत्या आकड्यावर जास्त मोकळं वाटलं, तीच तुमची प्राइम.

• काढलेल्या फोटोंची माहिती कॉम्प्युटरवर उघडून पाहा. प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंथ नोंदलेली असते. आवडलेल्या पन्नास फोटोंचे आकडे कागदावर लिहून काढा, तुमची सवय लगेच कळेल.

• लेन्स तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून पाहा. कंपनीनुसार जोडणी बदलते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या पद्धतीची स्वस्त लेन्स बसते पण आपोआप फोकस होत नाही.

भेडाघाटच्या कड्यांचे फोटो इंटरनेटवर हजारो आहेत आणि तुमच्यापेक्षा चांगलेही आहेत. दिव्याच्या उजेडातला तुमच्या आजीचा चेहरा मात्र दुसरं कुणी काढणार नाही. एका वेळी एकाच लेन्सचे पैसे हातात असतील, तेव्हा तुम्हाला कड्यांचा फोटो जास्त हवा आहे की आजीचा, हे घरच्यांसोबत बसून ठरवा. मग दुकानात जा. ओमतीच्या बाजारात असो की तुमच्या गावात, दुकानदार काहीही म्हणाला तरी काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.