सोन्याचं नाणं घेताना बाबासाहेबांना विसरू नका



नोकरी लागलेली आमची पोरं हल्ली विचारतात, सोनं घ्यावं का? उत्तर म्हणून आमच्या घरचाच अनुभव सांगतो.

आमची आजी सेलू तालुक्यात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. अंगावर सोन्याचा मणी नव्हता. गरिबी तर होतीच. पण आपल्या माणसांना अनेक ठिकाणी ऐपत असूनही सोनं वर्ज्य होतं. 1928 साली इंदूर भागातल्या सवर्णांनी बलाई समाजावर अटी लादल्या, त्यांत बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत हीही अट होती. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये ती नोंदवून ठेवली आहे.

म्हणून घरात पहिल्यांदा पगारातून बचत उरली तेव्हा आईने सोनंच मागितलं. दागिन्याची घडणावळ जास्त, म्हणून आम्ही सरकारी टांकसाळीत पाडलेलं पाच ग्रॅमचं 'भारतीय सुवर्ण नाणं' घेतलं. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये आणलेलं हे नाणं 24 कॅरेटचं, हॉलमार्क असलेलं. त्यावरचं अशोकचक्र पाहून आम्ही निर्धास्त झालो.

वर्षाच्या आत धाकट्याच्या फीसाठी ते मोडायची वेळ आली. बँकेत सांगितलं, आम्ही नाणी विकतो, परत घेत नाही. परभणीतल्या सराफाने वजनाचा भाव दिला. खरेदीच्या वेळी भरलेला 3 टक्के जीएसटी आणि नाण्याची घडणावळ गेली ती गेलीच. भावही फारसा वाढला नव्हता. घातले त्याहून कमी पैसे हाती आले.

यात चूक आमच्या समजुतीची होती. बाबासाहेबांनी 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मागणी केली, की रुपये पाडणं बंद करा, सोन्याचं नाणं पाडा आणि त्याचं रुपयाशी प्रमाण कायद्याने ठरवा. सरकारला मन मानेल तितके रुपये पाडता आले की महागाई होते आणि मजुरी करणारा भरडला जातो, ही त्यांची चिंता होती. त्यांना हवं होतं ते नाणं चलन होतं. आपण घेतलं त्यावर वजन आहे, रुपयांतली किंमत नाही. सरकार शुद्धतेची हमी देतं, भावाची देत नाही.

तेव्हा मित्रांनो, आधी सावकाराचं कर्ज फेडा. फीचे आणि दवाखान्याचे पैसे बँकेत ठेवा. त्यानंतर जे उरेल आणि पाच-सात वर्षं लागणार नाही, त्याचंच नाणं घ्या. घेण्याआधी विचारा, परत कोण घेणार आणि किती कापणार? पावती जपा, पाकीट फोडू नका. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका.

आजीला नाकारलेलं सोनं आपण घेऊच. पण धाकट्याची फी आधी भरू.

जयभीम! जय संविधान!