तीन गोळ्यांची साक्ष

लांब पल्ल्याची नेमबाजी जिथे रुजली आहे, त्या अमेरिका, ब्रिटन, कॅनडासारख्या देशांत बरेच हौशी नेमबाज रायफलची काडतुसं घरीच भरतात. याला रिलोडिंग म्हणतात. झाडलेलं पितळी कवच फुगून रायफलच्या चेंबरच्या मापाचं झालेलं असतं. ते प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचं, वापरलेला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, काढायचा, लांबलेली मान कापून सारखी करायची. वारंवार ताणल्याने पितळ कडक होतं, म्हणून मान तापवून मऊ करायची. नवा प्रायमर तळाशी टेकला की बोटाला ते नेमकं कळतं. मग छापील तक्त्यात दिलेली दारू तोलून भरायची, गोळी बसवायची आणि कॅलिपर लावून लांबी तपासायची. आजचे चांगले तराजू 0.02 ग्रेनपर्यंत, म्हणजे जेमतेम 1.3 मिलिग्रॅमपर्यंत फरक दाखवतात. घरच्या टेबलावर इतकी काटेकोर मोजमापं करणारे छंद फार थोडे, आणि संख्याशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला या छंदाबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच ठामपणे सांगावंसं वाटतं, की इथे प्रत्येक काडतूस अचूक मोजलं जातं, पण निष्कर्ष काढायला किती काडतुसं झाडावीत, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्यामुळे 'माझ्या रायफलला हाच भरणा मानवतो' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं निव्वळ योगायोगावर उभं असतं.

एवढी तोलामापी कशासाठी, हे आधी पाहू. 1000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, .308 कॅलिबरच्या रायफलची गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे 10 मीटर खाली येते. ही घसरण ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेगात एक टक्का फरक पडला की गोळी सुमारे 20 सेंटिमीटर वर किंवा खाली लागते, आणि लांब पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धेत या अंतरावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10 इंच, म्हणजे 25.4 सेंटिमीटर असतो. तोच एक टक्का 100 यार्डांवर जेमतेम मिलिमीटरभर दिसतो. म्हणजे वेगातली समानता ही लांब पल्ल्याची खरी गरज आहे आणि तिच्यासाठी घेतलेले कष्ट रास्त आहेत. प्रश्न पुढे येतो: ही समानता साधली, हे ठरवायचं कसं?

रूढ पद्धत अशी, की दारूचं प्रमाण थोडं थोडं बदलत दहा प्रकारचे भरणे करायचे, प्रत्येकी तीन गोळ्या झाडायच्या आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, सर्वांत लहान, तो भरणा निवडायचा. आता समजा, हे दहाही भरणे गुणाने तंतोतंत सारखे आहेत. तरीही प्रत्येक ग्रुप वेगळ्या आकाराचा येईल आणि सर्वांत मोठा ग्रुप सर्वांत लहानाच्या दुप्पट-तिप्पट भरणं यात काहीच नवल नाही. लॉटरी कोणाला तरी लागतेच, त्यावरून त्याला आकड्यांची विद्या येते असं आपण म्हणत नाही. शिवाय ग्रुपचा आकार म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर. गोळ्या वाढवाल तसं ते वाढतच जातं. त्याच रायफलीचा, त्याच भरण्याचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून मोठा असतो. तीन गोळ्यांची साक्ष रायफलीची बाजू नेहमीच उजळ करून दाखवते.

वेगमापकाचंही तेच. पाच गोळ्यांवरून वेगाचं प्रमाण विचलन सेकंदाला 3 मीटर आलं, तर खरं विचलन 1.8 पासून 8.6 पर्यंत कुठेही असू शकतं, हे 95 टक्के विश्वासाने म्हणता येतं. पहिला आकडा विजेत्याचा, दुसरा हरणाऱ्याचा. तीस गोळ्या झाडल्यावर हीच मर्यादा 2.4 ते 4 इतकी आवळते.

यावर पहिला आक्षेप येतो, तो विजेत्यांचा दाखला देऊन: दारूचा दाणान्‌दाणा तोलणारेच स्पर्धा जिंकतात ना? जिंकतात. पण तेच नेमबाज वाराही उत्तम वाचतात, त्यांच्या नळ्या उत्तम असतात आणि सरावही अफाट असतो. दाण्याएवढ्या फरकाने वेग सेकंदाला फार तर अर्धा मीटर बदलतो. उलट वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला, तर 1000 यार्डांवर गोळी 15 ते 25 सेंटिमीटर बाजूला जाते. यशाबरोबर दिसणारी प्रत्येक सवय यशाचं कारण नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नळी झिजते, गोळ्या महाग, मग दर भरण्याला तीस गोळ्या कुठून आणायच्या? हे मला मान्य आहे आणि त्याचं उत्तर कमी प्रश्न विचारण्यात आहे. दहा भरण्यांच्या प्रत्येकी तीन गोळ्यांत गेलेली तीस काडतुसं दोन भरण्यांच्या प्रत्येकी पंधरा गोळ्यांत वापरा. फक्त टोकाची दोन छिद्रं न मोजता प्रत्येक छिद्राचं मध्यापासूनचं अंतर मोजून सरासरी काढा, म्हणजे एकही गोळी वाया जात नाही. आणि एवढं करूनही दोन भरण्यांत फरक दिसला नाही, तर 'फरक दिसला नाही' हाच निष्कर्ष वहीत लिहा. तोही कमावलेलाच असतो. अमेरिकन डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी नेमबाजाचा हात प्रयोगातून वगळण्यासाठी रायफलची नळी भक्कम पायावर बसवून वर्षानुवर्षं गोळ्या झाडल्या आणि 1909 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपला अंदाज खोटा ठरू देण्याची ती तयारी या छंदाचा खरा वारसा आहे.

हा मुद्दा केवळ गुणांचा नाही. 'पाच गोळ्या बिनबोभाट सुटल्या, म्हणजे भरणा सुरक्षित' हाही त्याच चुकीचा भाऊ आहे. धोकादायक दाब प्रत्येक गोळीला खूण सोडत नाही आणि उन्हात तापलेलं काडतूस दाब वाढवतं. छापील तक्त्यातली कमाल मर्यादा प्रयोगशाळेत दाब मोजून ठरवलेली असते. पाच गोळ्यांच्या भरवशावर ती ओलांडण्याचा हक्क कोणालाच नाही.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, त्यामुळे हा छंद इथे रुजलेला नाही. पण हा प्रश्न आपल्या नेमबाजांचाही आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, त्या प्रकारात .22 रिमफायर काडतूस चालतं. त्याचं स्फोटक कडेच्या घडीत असतं, म्हणून ते सहसा पुन्हा भरलं जात नाही. तिथे नेमबाज एकाच कारखान्यातले वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून निवडतात. दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असताना ही निवडही पुरेशा गोळ्यांवरच टिकते. काडतूस घरी भरलेलं असो वा कारखान्यातलं, माझा आग्रह एकच आहे: नोंदवहीत ग्रुपच्या आकाराशेजारी गोळ्यांची संख्या लिहा आणि संख्या तीन असेल, तर निर्णय पुढे ढकला.