मागायला नव्हे, द्यायला

जानेवारी उजाडला की लॉस एंजेलिसमध्ये नटांची वर्दळ वाढायची. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्या नव्या मालिकांचे पहिले भाग, म्हणजे 'पायलट', जानेवारीपासूनच्या तीन-चार महिन्यांत उभे करत. मे महिन्यात न्यूयॉर्कला जाहिरातदारांपुढे या मालिका मांडायच्या असत, त्यामुळे एप्रिलपर्यंत सगळा नटसंच ठरायला हवा असायचा. दुसऱ्या राज्यांतले पालक आपल्या मुलांना घेऊन येत आणि ओकवुड नावाच्या वसाहतीत हंगामापुरतं बिऱ्हाड थाटत. एका ऑडिशनहून दुसरीकडे जाताना कपडे गाडीतच बदलायचे आणि सिग्नलला संवाद घोकायचे, असा हा काळ.

बहुतेकांना पुढे काहीच कळत नसे. नकाराचासुद्धा फोन यायचा नाही.

ब्रायन क्रॅन्स्टनने असे कितीतरी हंगाम पाहिले. तो 1956 साली हॉलिवूडमध्येच जन्मला. आई-वडील दोघंही अभिनयातले. वडिलांना स्टार व्हायचं होतं, ते जमलं नाही आणि ब्रायन शाळकरी वयात असतानाच ते घर सोडून गेले. या धंद्यातली आस माणसाचं काय करते, हे त्याने घरातच पाहिलं होतं. तो स्वतः कॉलेजात पोलीस व्हायचं म्हणून शिकत होता. अभिनयाचा वर्ग घेतला आणि वाट बदलली. मग वर्षानुवर्षं मिळेल ते काम: जाहिराती, जपानी कार्टूनपटांचं डबिंग, 'पॉवर रेंजर्स'मधल्या राक्षसांचे आवाज, कुठे एखाद-दुसऱ्या भागातला पाहुणा.

या धडपडीत त्याला एक मार्गदर्शक भेटला आणि ऑडिशनकडे बघण्याची त्याची नजरच बदलली. 2016 साली आलेल्या 'अ लाइफ इन पार्ट्स' या आत्मचरित्रात त्याने याविषयी लिहिलं आहे. नट त्या खोलीत नोकरी मागायला जात नाही, तो काहीतरी द्यायला जातो. हाती आलेलं पात्र जीव ओतून उभं करायचं आणि निघून यायचं. भूमिका कुणाला द्यायची हे ठरवणं दुसऱ्यांचं काम. ज्याचं घरभाडं थकलंय त्याला हे पटणं फार अवघड आहे, पण क्रॅन्स्टनने ते अंगी बाणवलं.

म्हणजे नेमकं काय केलं? 'माल्कम इन द मिडल'च्या पायलटमध्ये हॅल या बापाच्या वाट्याला फारसं काही नव्हतं. दुसरा एखादा नट तेवढी वाक्यं पाठ करून गेला असता. क्रॅन्स्टनने हॅलच्या बायकोचं, लोइसचं पात्र बारकाईने वाचलं आणि तिच्यात जे आहे त्याच्या उलट गुण शोधले. ती कुणाला घाबरत नाही, तर हा भित्रा. तिचं सगळीकडे लक्ष, तर हा स्वतःच्याच तंद्रीत. कागदावर जेमतेम असलेला माणूस असा आकाराला आला आणि 2000 ते 2006 पर्यंत घराघरांत पोचला.

मालिका संपल्यावर त्याला आणखी वेंधळ्या बापांच्या भूमिका आल्या. त्याने त्या नाकारल्या. हंगामात 'नाही' म्हणणं हीसुद्धा नटाची एक चालच असते, आणि तिला मोठी हिंमत लागते.

मग 'ब्रेकिंग बॅड'ची संहिता आली. लेखक व्हिन्स गिलिगनला भेटायला तो रिकाम्या हाताने गेला नाही. वॉल्टर व्हाइट कसा दिसेल हे त्याने आधीच ठरवलं होतं: थोडा सुटलेला, विरळ मिशांचा, कपड्यांनाही रंग नसलेला, भिंतीत मिसळून जाणारा माणूस. वाहिनीला मात्र त्याच्यात हॅलच दिसत होता. तेव्हा गिलिगनने 'द एक्स-फाइल्स'चा 1998 मधला 'ड्राइव्ह' हा भाग दाखवला. त्यात क्रॅन्स्टनने एक द्वेषाने भरलेला माणूस असा साकारला होता की प्रेक्षकाला अखेर त्याचीही कणव यावी. पाहुण्या कलाकाराचं ते एका भागाचं काम जवळपास दहा वर्षांनी त्याच्या बाजूने उभं राहिलं. 'ब्रेकिंग बॅड' जानेवारी 2008 मध्ये सुरू झाली.

अभिनेत्री जेना फिशरची तयारी वेगळ्या प्रकारची. ऑफिसांत टायपिंगची कामं करून ती दिवस काढत होती. कुणी बोलावण्याची वाट न बघता तिने 'लॉलीलव्ह' हा माहितीपटाच्या धाटणीचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. म्हणूनच, त्याच धाटणीच्या 'द ऑफिस'साठी बोलावणं आलं तेव्हा ही भाषा तिला परकी नव्हती. रिसेप्शनिस्टचं काम आवडतं का, असं ऑडिशनमध्ये विचारल्यावर ती 'नाही' म्हणाली आणि गप्प बसली. विनोद करायचा मोह आवरून धरलेल्या त्या शांततेत मालिकेतली रिसेप्शनिस्ट पॅम आख्खी दिसली. 2005 साली मालिका आली.

आता तो हंगामही पूर्वीसारखा उरलेला नाही. फॉक्स वाहिनीने 2014 मध्येच पायलटची ठरीव पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं, स्ट्रीमिंगवाले तर वर्षभर नट शोधतात. कोविडनंतर घरीच फोनवर चित्रित केलेली 'सेल्फ-टेप' रूढ झाली आणि नटाच्या डोक्यावर प्रकाश, आवाज, समोर संवाद वाचणारा माणूस, सगळ्याचाच भार आला. 2023 मध्ये 118 दिवसांचा संप करून अमेरिकन नटांच्या संघटनेने त्यालाही मर्यादा घालून घेतली: पहिल्या फेरीला जास्तीत जास्त आठ पानं आणि तयारीसाठी किमान 48 तास. ज्याने खोलीतला कोपरा आधीच लावून ठेवलाय आणि संवाद द्यायला मित्र तयार ठेवलाय, त्याला हे सगळे तास पात्रावर खर्च करता येतात.